आमच्या रस्त्यावर डबल यलो लाइन आणि परमिट झोन येतोय, हरकत घ्यावी का आणि कशी?

निशिगंध:
नमस्कार मंडळी, इंग्लंडमध्ये राहणाऱ्यांसाठी प्रश्न आहे, जरा लांबलचक आहे पण नीट सांगितल्याशिवाय कळणार नाही म्हणून सगळंच लिहिते. आम्ही लंडनच्या बाहेर एका गावात राहतो, घरापासून स्टेशन चालत सात मिनिटं. रस्ता जुना, एकाला एक चिकटलेली घरं, कोणालाच ड्राइव्हवे नाही, त्यामुळे सगळ्यांच्या गाड्या रस्त्यावरच. गेल्या शुक्रवारी सासऱ्यांना फिरायला नेलं होतं तेव्हा कोपऱ्यावरच्या दिव्याच्या खांबाला प्लास्टिकच्या पिशवीत एक कागद बांधलेला दिसला, आत पाणी शिरून निम्मी अक्षरं पसरलेली, सहज वाचायला थांबले तर आमच्याच रस्त्याचं नाव.

त्यात म्हटलंय की दोन्ही कोपऱ्यांवर १५ मीटर डबल यलो (कडेला दोन पिवळ्या रेषा, म्हणजे तिथे कधीच गाडी लावायची नाही), रस्त्याचा मागचा अरुंद भाग आहे तिथे एका बाजूला पूर्ण डबल यलो, आणि बाकी सगळीकडे सोमवार ते शनिवार सकाळी ८ ते संध्याकाळी ६.३० फक्त रेसिडेंट्स परमिट, म्हणजे रहिवाशांचा पार्किंग परवाना असलेल्या गाड्याच. हरकती २१ दिवसांत लेखी कळवा. त्यातले ९ दिवस आधीच गेलेले!

आता आमची परिस्थिती. सासरे ८१ वर्षांचे, आमच्याकडेच असतात, गेल्या वर्षी त्यांना पॅरालिसिसचा झटका येऊन गेला. केअरर, म्हणजे त्यांचं करायला येणारी बाई, दिवसातून दोनदा येते, सकाळी साडेआठला आणि संध्याकाळी साडेपाचला, तिची गाडी असते. नवरा हॉस्पिटलमध्ये नाइट करतो, सकाळी आठ-सव्वाआठला घरी येतो तोपर्यंत स्टेशनला जाणाऱ्यांनी रस्ता भरून टाकलेला असतो, मग तो बिचारा रात्रभर उभं राहून आल्यावर वीस-वीस मिनिटं जागा शोधत फिरतो. म्हणजे स्टेशनवाल्यांचा त्रास खरा आहे, काहीतरी करायलाच हवं हे मलाही पटतं. पण हा झोन झाला तर केअररचं काय? दर वेळी व्हिजिटर व्हाउचर (पाहुण्यांच्या गाडीसाठीचा पास) लावायचं? आणि आपल्याच दारात गाडी लावायला वर्षाला पैसे भरायचे?

शेजाऱ्यांच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर दोन तट पडलेत, एक जण म्हणतो काऊन्सिलने आधीच ठरवलंय हे सगळं तोंडदेखलं आहे, दुसऱ्या बाई सगळ्यांना एकच मजकूर कॉपी करून पाठवा म्हणतायत. कोणी यातून गेलंय का? लिहून काही फरक पडतो का, आणि लिहायचं तर काय लिहायचं?

रस्तेवाला:
निशिगंध, मी दहा-बारा वर्षं याच कामात होतो, काऊन्सिलसाठी असे ड्रॉइंग आणि ऑर्डर तयार करायच्या टीममध्ये, त्यामुळे टेबलाच्या पलीकडून काय दिसतं ते सांगतो. फरक पडतो. पण कोणत्या हरकतीने पडतो हे महत्त्वाचं.

तुम्ही पाहिलेला कागद म्हणजे ट्रॅफिक रेग्युलेशन ऑर्डरची नोटीस. रोड ट्रॅफिक रेग्युलेशन अॅक्ट १९८४ खाली काऊन्सिलला ही ऑर्डर काढायचा अधिकार आहे, आणि ती कशी काढायची याचे नियम १९९६ चे आहेत. त्या नियमांप्रमाणे नोटीस स्थानिक वर्तमानपत्रात द्यावीच लागते आणि हरकतींसाठी किमान २१ दिवस ठेवावे लागतात. खांबावर कागद लावणं, घरोघरी पत्र टाकणं हे पुरेशी प्रसिद्धी व्हावी म्हणून असतं, सगळीकडे एकसारखं होत नाही. त्यामुळे आम्हाला पत्रच आलं नाही एवढ्या एका मुद्द्यावर फार विसंबू नका. त्यापेक्षा पहिलं काम हे करा की काऊन्सिलच्या वेबसाइटवरून किंवा फोन करून तीन गोष्टी मिळवा: ड्राफ्ट ऑर्डर, नकाशा आणि स्टेटमेंट ऑफ रीझन्स. हे तिन्ही लोकांना बघायला ठेवणं त्यांना बंधनकारक आहे. सगळं गुपित त्या तिसऱ्या कागदात असतं, म्हणजे काऊन्सिल हे का करतेय. तिथे लिहिलेलं कारण आणि केलेला उपाय जुळत नसेल तर तुमची हरकत तिथेच उभी राहते.

उदाहरण म्हणून तुमचंच घ्या. कारण बहुतेक "स्टेशनला जाणाऱ्यांचं दिवसभराचं पार्किंग" असं असेल. ते लोक सकाळी साडेसातला गाडी लावतात आणि संध्याकाळी सहा-सातला नेतात. त्यांना हटवायला साडेदहा तासांचं बंधन लागतच नाही! एक तासही पुरतो. सोमवार ते शुक्रवार सकाळी १० ते ११ फक्त परमिटवाले, बाकी वेळ रस्ता मोकळा. दिवसभर गाडी सोडून जाणारा माणूस त्या एका तासात अडकतोच, म्हणून तो तुमच्याकडे येणंच बंद करतो. स्टेशनजवळच्या कितीतरी रस्त्यांवर हीच पद्धत आहे. तुमची केअरर साडेआठला येते आणि साडेपाचला येते, दोन्ही वेळा ती या तासाच्या बाहेर. शनिवारी नातेवाईक आले तरी व्हाउचर नको.

आणि हे मागणं काऊन्सिलला सोपं पडतं, कारण जाहीर केलेल्या ऑर्डरपेक्षा कमी कडक ऑर्डर काढणं तुलनेने सरळ असतं, उलट बंधन वाढवायचं किंवा मोठा बदल करायचा झाला तर ज्यांच्यावर परिणाम होणार त्यांना परत कळवून म्हणणं मांडायची संधी द्यावी लागते, म्हणजे कामच वाढतं. म्हणून नुसतं "आम्हाला नको" लिहू नका, "याऐवजी हे करा" लिहा. साठ लोकांचा एकच कॉपी केलेला मजकूर आला की रिपोर्टमध्ये त्याचा एक परिच्छेद होतो. वेगवेगळ्या घरांनी आपापली अडचण लिहिलेली सहा पत्रं आली तर ऑफिसरला सहा उत्तरं लिहावी लागतात. मी स्वतः अशी उत्तरं लिहिली आहेत, काही वेळा उत्तर लिहिता येईना म्हणून ड्रॉइंग बदललंय.

कोपऱ्याबद्दल मात्र स्पष्ट सांगतो. हायवे कोडच्या २४३ व्या नियमात जंक्शनपासून १० मीटरच्या आत गाडी लावू नका असं आधीपासूनच आहे. तिथे लाइन मारणं म्हणजे जे करायलाच नको ते पिवळ्या रंगात लिहिणं. त्यावर हरकत घेऊन हाती काही लागणार नाही आणि बाकीच्या पत्राचं वजनही जाईल. १० च्या ऐवजी १५ का, हे मात्र जरूर विचारा. कचऱ्याची गाडी वळायला जागा लागते म्हणून असेल तर तसं ड्रॉइंग त्यांच्याकडे असणार, ते मागा. दोन्ही कोपऱ्यांच्या दोन्ही बाजूंना पाच-पाच मीटर म्हणजे चार गाड्यांची जागा आहे ती, थोडी नाही.

अजून एक, नोटिशीवर पत्ता कोणाचा आहे नीट बघा. जिथे काउंटी आणि डिस्ट्रिक्ट अशा दोन काऊन्सिल आहेत तिथे रस्ते काउंटीकडे असतात. लोक डिस्ट्रिक्टला पत्र पाठवतात आणि मुदत निघून जाते.

कोकणकडा:
आमच्याकडे तीन वर्षांपूर्वी झोन झाला म्हणून अनुभव सांगतो. पहिली गोष्ट, परमिट म्हणजे जागेची हमी नाही. परमिट म्हणजे जागा शोधायची परवानगी, बस. काऊन्सिलच्या कागदावरही तसं स्पष्ट लिहिलेलं असतं पण भरताना कोणी वाचत नाही. आमच्या रस्त्यावर दिवसा आता निम्मा रस्ता रिकामा असतो आणि रात्री नऊनंतर पूर्वीइतकीच मारामारी, कारण रात्रीचा प्रश्न स्टेशनवाल्यांचा नव्हताच, तो आमच्याच घरांतल्या दोन-दोन तीन-तीन गाड्यांचा होता. त्यामुळे तुमच्याकडे नक्की कोणत्या वेळेला जागा नसते हे आधी नीट बघून घ्या, नाहीतर औषध भलत्याच दुखण्यावर.

दुसरी गोष्ट मनाला लागलेली आहे. आमचा रस्ता झोनमध्ये गेला, पलीकडची गल्ली गेली नाही, कारण त्यांनी सुरुवातीच्या सर्व्हेला "आम्हाला गरज नाही" असं कळवलं होतं. झोन सुरू झाला त्या सोमवारी सकाळी आमच्याकडच्या सगळ्या गाड्या उचलून जणू तिकडे नेऊन ठेवल्या. त्या गल्लीत माझा मित्र राहतो, दोन लहान मुलं, त्याची बायको आता शॉपिंग घेऊन चारशे मीटर चालते. त्याने मला कधी बोलून दाखवलं नाही पण मला वाईट वाटतं, मी झोनच्या बाजूने पत्र लिहिलं होतं आणि त्यांचा विचार केला नव्हता. तुमच्या शेजारच्या गल्ल्यांना ही नोटीस माहीत आहे का ते विचारा. हरकत किंवा पाठिंबा कोणीही कळवू शकतं, त्याच रस्त्यावर राहायला हवं असं नाही.

आणि सहा महिन्यांनी किंवा वर्षाने फेरआढावा घेणार का, हे पत्रात विचारून ठेवा, उत्तर लेखी मिळालं की नंतर धरता येतं.

ईशान्य_वारा:
मी थोडं वेगळं बोलणार आहे, राग मानू नका. माझी आई व्हीलचेअरवर आहे. आमच्या कोपऱ्यावर पेव्हमेंट जिथे रस्त्याला उतरतं करून दिलंय नेमक्या त्या उतारावर रोज कोणीतरी गाडी लावायचं. "पाचच मिनिटं" म्हणून. मी आईला घेऊन कर्बपाशी, म्हणजे पेव्हमेंटच्या कडेशी, उभी, पुढे गाडीचं बंपर, मागे जायचं तर खुर्ची फिरवायला जागा नाही. एकदा पावसात अकरा मिनिटं तशीच उभी होते, मी घड्याळ बघितलं होतं. आई म्हणाली चल घरीच जाऊ, आणि त्यानंतर दोन महिने बाहेर पडायचं नावच काढेना.

मग त्या कोपऱ्यावर डबल यलो आली. रंग वाळला त्याच दिवशी आम्ही लायब्ररीत गेलो.

म्हणून ज्यांच्या ग्रुपवर लाइन नको लाइन नको चाललंय त्यांना सांगा की कोपरा सोडून बोला. अरुंद भागाचंही तसंच. तुम्ही लिहिलंय मागचा भाग अरुंद आहे, टेप घेऊन मोजा एकदा. आग लागली तर बंबाला काम करायला ३.७ मीटर रुंदी धरतात. दोन्ही बाजूंना गाड्या असतील तर तेवढं उरतं का? आणि नसेल उरत तर लोक काय करतात, दोन चाकं पेव्हमेंटवर चढवतात. लंडनमध्ये १९७४ च्या कायद्यापासून पेव्हमेंटवर गाडी लावायला सरसकट बंदी आहे, स्कॉटलंडमध्ये डिसेंबर २०२३ पासून दंड होतो, पण आपण लंडनबाहेर इंग्लंडमध्ये राहणारे लोक अजून काऊन्सिलच्या एकेका ऑर्डरवरच अवलंबून आहोत. डबल यलो असली की तिचं बंधन पेव्हमेंटलाही लागू होतं, म्हणजे रस्त्याच्या मध्यापासून पेव्हमेंटच्या पलीकडच्या कडेपर्यंत. आमच्यासारख्यांना ती लाइन म्हणजे बाहेर पडायचा रस्ता आहे.

तुमच्या सासऱ्यांनाही पुढेमागे खुर्ची लागू शकते म्हणून मनापासून सांगतेय.

निशिगंध:
ईशान्य_वारा, राग कसला, डोळ्यात पाणी आलं वाचून. सासरे सध्या काठीवर आहेत पण तुम्ही म्हणता ते खरंय, मी त्या कोपऱ्याकडे फक्त चार गाड्यांची जागा म्हणूनच बघत होते.

मोजलं काल. अरुंद भाग ५.८ मीटर. माझा नवरा टेपचं एक टोक धरून आणि मी दुसरं, समोरच्या आजी खिडकीतून बघत होत्या, त्यांना सांगितलं तर त्याच बाहेर येऊन म्हणाल्या मागच्या हिवाळ्यात अॅम्ब्युलन्स तोंडाशीच थांबली होती आणि स्ट्रेचर ढकलत न्यावं लागलं. दोन्हीकडे गाड्या लावल्या तर मध्ये दोन मीटरही राहत नाही, एका बाजूला लावली तर ३.८ राहतं. म्हणजे त्या लाइनला माझी हरकत नाही, मी पाठिंबाच देणार.

आता दोन प्रश्न राहिले. एक, हे सगळं पैशासाठी चाललंय असं ग्रुपवर सगळे म्हणतात, तो मुद्दा लिहावा का? दुसरं, झोन झालाच तर केअररने कुठे थांबायचं, आणि आम्ही सासऱ्यांना दारात उतरवायला यलो लाइनवर थांबलो तर दंडाचं तिकीट लागतं का? त्यांचा ब्लू बॅज (अपंगांसाठीचा पार्किंगचा बॅज) आहे.

सप्तरंगी:
पैशाचं मी सांगते, मी काऊन्सिलमध्ये नाही पण पार्किंगच्या दंडावर अपील लिहायला लोकांना मदत करते.

कायदा असा आहे की पार्किंग झोन हे रहदारीची सोय आणि पार्किंगची सोय यासाठी करायचे, कमाईसाठी नाही. रस्त्यावरच्या पार्किंगमधून वर उरलेले पैसेही १९८४ च्या कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे ठरावीक कामांनाच वापरता येतात, मुख्यतः पार्किंग, रस्ते, वाहतूक अशा. यावर २०१३ साली हायकोर्टाचा मोठा निकाल आला. उत्तर लंडनमधल्या बार्नेट काऊन्सिलने रहिवाशांचं परमिट ४० पाउंडांवरून १०० पाउंड आणि व्हिजिटर व्हाउचर १ पाउंडावरून ४ पाउंड केलं होतं, डेव्हिड अॅटफील्ड नावाचे रहिवासी कोर्टात गेले आणि कोर्टाने सांगितलं की इतर खर्चासाठी जादा पैसा उभा करायला दर वाढवणं बेकायदा आहे. पण म्हणून तुमच्या पत्रात "हे पैसे खायला चाललंय" असं लिहून उपयोग नाही, कारण बार्नेटमध्ये तसा हेतू काऊन्सिलच्या स्वतःच्याच कागदपत्रांतून दिसत होता, तुमच्याकडे तसं काही नाही. परमिटचे दर कशावर ठरवले आणि झोन चालवायचा खर्च किती धरलाय, हे विचारा. प्रश्न विचारायला पुरावा लागत नाही, आरोप करायला लागतो.

आता लाइनचं. यलो लाइन म्हणजे वेटिंगची, म्हणजे गाडी उभी करून ठेवायची, बंदी. माणसाला चढवायला-उतरवायला थांबता येतं, सामान चढवायला-उतरवायलाही, फक्त कर्बवर आडव्या पिवळ्या खुणा असतील तर सामान चढवण्या-उतरवण्याला बंदी असते, एकेरी खुणा म्हणजे ठरावीक वेळ आणि दुहेरी म्हणजे कधीच नाही. सासऱ्यांना हाताला धरून दारापर्यंत नेऊन लगेच परत येणं यात बसतं, आत जाऊन चहा ठेवणं बसत नाही. ब्लू बॅज असेल तर इंग्लंडमध्ये यलो लाइनवर तीन तासांपर्यंत गाडी ठेवता येते, गाडी कधी लावली ते दाखवणारं बॅजचं घड्याळ आणि बॅज दोन्ही डॅशबोर्डवर समोर दिसले पाहिजेत, कर्बवर लोडिंगची बंदी नको आणि जागा अडथळ्याची किंवा धोक्याची नको. कोपऱ्यावर बॅज असूनही लावू नका. आणि सासरे गाडीत नसताना त्यांचा बॅज वापरायचा नाही, नवऱ्यालाही सांगून ठेवा, नाइट करून दमून आल्यावर माणूस चुकतो.

डबल यलोला पाटी लागत नाही हेही लक्षात ठेवा, सिंगल यलोला वेळ लिहिलेली पाटी लागते, पण कंट्रोल्ड झोन असेल तर झोनच्या तोंडाशी लावलेली पाटीच आतल्या सगळ्या सिंगल यलोंना पुरते. ती येताना नजरेतून सुटते आणि पाहुण्यांना तिकीट लागतं. तिकीट लागलंच तर लंडनबाहेर चुकीप्रमाणे ५० किंवा ७० पाउंड, १४ दिवसांत भरलं तर निम्मं. दहा मिनिटांची सवलत म्हणतात ती पार्किंग बेमध्ये वेळ संपल्यानंतरची आहे, यलो लाइनवर नाही, याच्यावर कितीतरी लोक फसतात. पहिल्या १४ दिवसांत हरकत घेतली आणि ती फेटाळली तर बहुतेक काऊन्सिल निम्म्याची संधी परत देतात, त्यामुळे खरी बाजू असेल तर घाबरून लगेच भरू नका. शेवटी स्वतंत्र ट्रिब्युनल आहे, तिथे फी लागत नाही.

केअररसाठी बऱ्याच काऊन्सिलमध्ये वेगळं परमिट असतं, कुठे केअररच्या नावावर तर कुठे ज्याला काळजी लागते त्याच्या पत्त्यावर. पत्त्यावरचं बरं, कारण केअरर बदलत असतात. तुमच्या काऊन्सिलच्या यादीत ते नसेल तर तीच तुमची सगळ्यात मजबूत हरकत. अपंगत्वाचा आणि वयाचा विचार करणं इक्वॅलिटी अॅक्ट २०१० प्रमाणे काऊन्सिलचं कर्तव्य आहे, तो विचार केल्याचा कागद मागा.

पाणपोई:
यातच विचारतो, आमच्या शेजाऱ्यांनी अशाच झोनला कंटाळून पुढची बाग काढून ड्राइव्हवे केला. हा मार्ग कसा आहे?

रस्तेवाला:
पाणपोई, कर्ब उतरता करायला हायवेवाल्यांची परवानगी लागते आणि काम त्यांच्या नियमाने करावं लागतं, नुसती बागेत फरशी घालून कर्बवरून गाडी चढवणं चालत नाही. २००८ पासून इंग्लंडमध्ये पुढच्या बागेत पाच चौरस मीटरपेक्षा जास्त जागेवर पाणी न मुरणारी फरशी घातली आणि पाणी सरळ रस्त्याकडे सोडलं तर प्लॅनिंग परमिशनही लागते. आणि एका घराने ड्राइव्हवे केला की रस्त्यावरची एक जागा सगळ्यांची जाते, ती त्या एका घराची होते. ओळीतल्या घरांना पुढे तेवढी खोलीही नसते, गाडीचं नाक पेव्हमेंटवर येतं. निशिगंध यांच्या रस्त्यावर मी सुचवणार नाही.

निशिगंध, कोकणकड्यांचा मुद्दा महत्त्वाचा आहे, मोजणी करा. आम्ही जे करायचो तेच घरबसल्या करता येतं. एकदा पहाटे साडेपाचला सगळ्या गाड्या मोजा, तेव्हा असतात त्या रहिवाशांच्या. परत साडेदहाला मोजा. प्रत्येक गाडीच्या नंबरप्लेटची शेवटची तीन अक्षरं फक्त लिहा, म्हणजे कोणती गाडी दिवसभर हलली नाही ते कळतं. मंगळवार ते गुरुवारातले दोन दिवस आणि एक रविवार. शाळेला सुट्टी असेल तो आठवडा नको. वही ग्रुपवर टाकू नका, काऊन्सिलला पण फक्त आकडे द्या.

निशिगंध:
झालं! सासऱ्यांनी केलं बहुतेक. आयुष्यभर एसटीत कंट्रोलर होते, गाड्यांच्या वेळा लिहायची सवय हातात मुरलेली. उजवा हात अजून पूर्ण साथ देत नाही म्हणून डाव्या हाताने लिहीत होते, अक्षरं मोठी मोठी आली पण एक ओळ चुकली नाही. पहाटेची फेरी नवऱ्याच्या सुट्टीच्या दिवशी त्याने मारली, बाकी सगळं खिडकीतून बाबांनी.

आमच्या रस्त्यावर साधारण ३८ गाड्या मावतात. पहाटे साडेपाचला ३१ होत्या, दुसऱ्या दिवशी ३२. सकाळी साडेदहाला ४३, त्यातल्या पाच अगदी कोपऱ्यात घुसवलेल्या. रविवारी साडेदहाला २९. आणि ४३ पैकी १९ गाड्या पहाटे नव्हत्या पण साडेदहाला आणि चारला त्याच जागेवर होत्या. म्हणजे आमच्या स्वतःच्या गाड्या आमच्या रस्त्यात मावतात! तीन वर्षं ग्रुपवर एकमेकांना दोष देत होतो, कोणाकडे दोन गाड्या कोणाकडे व्हॅन म्हणून.

पत्र असं लिहिलंय, इंग्रजीत आहे पण मुद्दे इथे टाकते. पहिल्यांदा, कोपऱ्यावर १० मीटर आणि अरुंद भागात एका बाजूला डबल यलोला पाठिंबा, रुंदीचं माप आणि अॅम्ब्युलन्सचा प्रसंग समोरच्या आजींच्या परवानगीने लिहिलाय, त्या स्वतःचंही पत्र देणार आहेत. मग १५ मीटर कशासाठी, वळणाचं ड्रॉइंग दाखवा. त्यानंतर सोमवार ते शनिवार ८ ते ६.३० याला हरकत, कारण तुमच्या स्टेटमेंट ऑफ रीझन्समध्ये "कम्यूटर पार्किंग" हेच एक कारण आहे आणि आमची मोजणी सांगते की शनिवार-रविवारच्या बाबतीत तसा प्रश्न दिसत नाही, त्याऐवजी सोमवार ते शुक्रवार १० ते ११ करा. केअरर परमिट पत्त्यावर द्या, सासऱ्यांच्या दोन्ही वेळा लिहिल्यात. शेवटी मागच्या दोन गल्ल्यांवर काय परिणाम होईल ते तपासलंय का आणि वर्षाने फेरआढावा घेणार का. त्या गल्ल्यांत मी स्वतः जाऊन चिठ्ठ्या टाकून आले, तिथल्या बऱ्याच जणांना काहीच माहीत नव्हतं.

चुकलं असेल तर सांगा, उद्या पाठवते, चार दिवस हातात आहेत.

रस्तेवाला:
उत्तम. एकच दुरुस्ती, "शनिवार-रविवारच्या बाबतीत" काढा. तुम्ही रविवारी मोजलंय, शनिवारी नाही, आणि ऑर्डरमध्ये शनिवार आहे. वाचणारा ऑफिसर पहिल्यांदा तेच पकडेल आणि मग बाकीच्या आकड्यांवर त्याचा विश्वास बसणार नाही. या शनिवारी साडेदहाला एकदा मोजा, मग पाठवा, तरीही मुदतीत बसतं. पाठवताना नोटिशीवरचा रेफरन्स नंबर विषयातच टाका, ज्या भागावर हरकत आहे तिथे "हरकत" आणि जिथे पाठिंबा आहे तिथे "पाठिंबा" असा शब्द स्वच्छ लिहा, नाहीतर अख्खं पत्र एकाच रकान्यात मोजलं जातं. पोचल्याचा ईमेल आला नाही तर दुसऱ्या दिवशी फोन करा. एक प्रत वॉर्डच्या काऊन्सिलरना. ऑर्डर झाल्यावर हरकत घेणाऱ्यांना १४ दिवसांत लेखी कळवावं लागतं, आणि हरकत पूर्ण मान्य केली नसेल तर कारणांसकट, ते पत्र सांभाळून ठेवा.

निशिगंध:
बाबांना सांगितलं शनिवारचं राहिलंय. त्यांनी वहीत आत्ताच पान आखून ठेवलंय.